दमट हवेतलं घायपात

दौंड स्टेशनवर कन्याकुमारीची गाडी फार वेळ थांबत नाही. तेवढ्या वेळात दादानं माझ्या दोन बॅगा, वळकटी, भाकऱ्यांचं गाठोडं आणि शेंगदाण्याच्या चटणीची बरणी डब्यात चढवली. दादा माझा थोरला भाऊ. रांजणगावच्या एका कंपनीत शिफ्टला जातो. त्या दिवशी सुट्टी टाकून आला होता. आई खिडकीचा गज धरून उभी होती. आबा, म्हणजे माझे वडील, सगळ्यांच्या मागं उभे होते. त्यांच्या हातात तेलाचा अर्धा कापलेला डबा, डब्यात माती आणि मातीत वीतभर उंचीचं घायपात.

"काटं कशाला देताय लेकीला?" आई त्यांच्यावर खेकसली. "वाटंत कुणाच्या डोळ्यात जाईल."

आबांनी डबा खिडकीशी धरला. पानांच्या टोकांवरचे काटे त्यांनी नेलकटरनं एकेक करून काढून टाकले होते. मला म्हणाले, "पाणी बेतानं घाल. इसरलीस तरी चालंल, पन रोज घालू नगं." गजांतून डबा आत येईना. गाडी हलायला लागल्यावर दादानं तो पळत दारातून माझ्या हातात दिला. स्लीपरच्या डब्यात काटेरी झाड मांडीवर घेऊन बसलेली एकटी मुलगी, म्हणून सोलापूर येईपर्यंत लोक माझ्याकडे बघत होते. मला थोडी लाजच वाटली, हे आज कबूल करते.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. शिरूर तालुक्यात इनामगावच्या पुढं आमची वस्ती आहे. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, आबांच्या तरुणपणी ती गेली. आता कांदा, थोडा ऊस आणि दोन म्हशी. मी डिप्लोमा करून रांजणगावला चार वर्षं क्वालिटी खात्यात काढली. मग कोचीतल्या एका कारखान्यानं बोलावलं. तिथं दवाखान्यात लागणाऱ्या नळ्या तयार होतात आणि त्या ज्या खोलीत तयार होतात, तिथली हवा सांभाळायचं काम माझं. नात्यागोत्यात बरीच चर्चा झाली. "एवढ्या लांब एकटी पोर? आधी लगीन उरका," असं मामा म्हणाले. आई आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मी जाणार हे मात्र माझ्या मनात पक्कं होतं. आबा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. फक्त एकदा विचारलं, "तिथली हवा कशी हाय?"

"चांगली असते की, समुद्राकाठची," मी सांगितलं. तोवर मी समुद्र पाहिलेला नव्हता.

त्या घायपाताची गोष्ट सांगायला हवी. आमच्या माळाच्या बांधावर घायपाताचं जुनं कुंपण होतं. आजोबा त्याच्या पानांचा वाख काढून दोर वळायचे. त्या कुंपणात एका वर्षी आबांना एक पिल्लू, म्हणजे बुडाशी फुटलेलं रोप, सापडलं. त्याच्या प्रत्येक पानाला दोन्ही बाजूंनी पिवळा काठ होता, लुगड्याला असतो तसा. पेरलेलं नव्हतं, कुणी आणलेलं नव्हतं, आपोआप आलेलं. पुढं रस्ता रुंद झाला तेव्हा सगळं कुंपण जेसीबीनं उपटलं. तोवर आबांनी ते पिल्लू गोठ्याजवळ लावलं होतं आणि त्याला आणखी एक पिल्लू फुटलं होतं. मोठं त्यांनी ठेवलं, लहान मला दिलं. जगात पिवळ्या काठाची घायपातं पुष्कळ असतील, नर्सरीतही मिळतात. पण आमच्या बांधाची तेवढी दोनच होती.

कोचीत मला खाडीकाठच्या एका घराची वरची खोली मिळाली. खाली मालकीण राहायच्या, लीला चेची. चेची म्हणजे ताई. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, आणि झाडांच्या वेड्या. व्हरांड्यात शंभरेक कुंड्या, नेचे, ऑर्किड. सकाळ-संध्याकाळ फवारा घेऊन सगळ्यांवर पाणी मारत फिरायच्या. मला त्या पहिल्या दिवसापासून 'मोळे' म्हणायच्या. मोळे म्हणजे मुली. मी मल्याळम शिकेपर्यंत आम्ही मोडक्या हिंदीत आणि इंग्रजीत बोलायचो.

हवा काय असते ते मला त्या घरात कळलं. शिरूरला दोरीवर टाकलेली ओढणी भाकरी थापून होईपर्यंत वाळते. इथं पावसाळ्यात पाच-पाच दिवस कपडे ओले. मिठाला पाणी सुटायचं, पापड चिवट व्हायचा. चामड्याच्या चपलेवर पांढरी बुरशी आली. एक दिवस फाईल उघडली, तर माझ्या डिप्लोम्याच्या कागदावर करड्या ठिपक्यांची रांग. त्या दिवशी मी खोलीच्या मधोमध बसून रडले. खोटं कशाला सांगू?

गंमत म्हणजे कारखान्यात मी दिवसभर हेच सांभाळत होते. हवेत वाफ किती आहे ते मोजायचं. आमच्यात त्याला आरएच म्हणतात. पंचेचाळीस टक्क्यांच्या वर गेलं की अलार्म वाजतो आणि मी पळते. तिथं माझ्या शब्दावर यंत्रं चालू-बंद होतात, आणि घरी माझा टॉवेल वाळत नव्हता. घायपात मी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं होतं. आबांनी सांगितल्याप्रमाणं पाणी बेतानं घालत होते. झाड मातीतूनच पाणी पितं, एवढंच मला माहीत होतं. आमच्याकडं हवेत पाणी असतंच कुठं, म्हणून हवेचा विचार करायची कधी वेळच आली नव्हती.

पहिलं वर्ष झाडानं काढलं. दुसऱ्या पावसाळ्यात पिवळ्या काठावर काळे ठिपके आले. आधी पिवळ्यावरच, हिरवा भाग ठीक होता. पिवळ्या भागात हिरवेपणाच नाही, म्हणून तो नाजूक असतो, हे पुढं वाचून समजलं. ऑक्टोबरात मी दिवाळीसाठी आठ दिवस गावी गेले. किल्ली चेचींकडं ठेवली.

परत आले, तर घायपात खिडकीत नव्हतं. चेचींनी ते खाली नेऊन नेच्यांच्या मधोमध ठेवलं होतं आणि आठही दिवस बाकीच्यांबरोबर त्याच्यावरही फवारा मारला होता. बिचाऱ्या मोठ्या कौतुकानं म्हणाल्या, "सो ड्राय इट वॉज, मोळे. आय गेव्ह इट गुड एअर."

मी पान धरलं आणि ते हातात आलं. बुडाशी तपकिरी, बुळबुळीत, आंबूस वासाचं. मी चेचींवर ओरडले. काय बोलले ते मराठीतच होतं, त्यामुळं त्यांना शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. त्या फवारा घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मी डबा उचलून वर गेले.

पंधरा पानांतली अकरा गेली. कारखान्यातले हातमोजे घालून मी ब्लेडनं एकेक सडका भाग कापला. तरी मनगटाला रस लागलाच आणि दोन दिवस खाज सुटली, लहानपणी बांधावर सुटायची तशीच. शेवटी चार पानं आणि मुठीएवढा खोडाचा तुकडा राहिला. तो आतून पांढरा, घट्ट होता. म्हणजे अजून आशा होती. पण कापलेली जागा वाळली पाहिजे, आणि त्या हवेत काहीच वाळत नव्हतं. सकाळी कापलेल्या जागी संध्याकाळी ओल धरलेली असायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा कापलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तुकडा लहान लहान होत चालला.

त्याच आठवड्यात आबांचा फोन आला. नेहमीप्रमाणं म्हशी, कांदा, गुडघा, सगळं सांगून झालं. मीच घाबरून आधी बोलले, "आबा, घायपात मस्त आहे हं."

"व्हय का? ब्येस," असं म्हणून त्यांनी फोन आईकडं दिला.

त्यानंतर आबांनी त्या झाडाचा विषयच काढला नाही. दोन रविवार गेले, तीन गेले. पूर्वी प्रत्येक वेळी विचारायचे. मी दादाला फोन लावला. तो आधी टाळाटाळ करत राहिला आणि मग म्हणाला, "अगं, गोठ्याजवळचं ते गेलं. तू दिवाळी करून गेलीस आन् दुसऱ्या दिवशी आपल्या नव्या खोलीचा माल आला. मी कामावर होतो. ट्रॅक्टरवाल्यानं खडीची ट्रॉली थेट त्याच्यावर रिकामी केली. मी काढेपर्यंत चिखल झाला व्हता त्याचा. आबा काय बोलले न्हाईत, पन दोन दिवस जेवणावर लक्ष नव्हतं. म्हणाले, वैशीला सांगू नगं."

मी फोन ठेवला आणि टेबलावरच्या त्या चार पानांकडं बघत राहिले. आता तेवढंच उरलं होतं, आणि ते सडत होतं, आणि मी ते मस्त आहे म्हणून सांगून बसले होते.

तिथून पुढं मी जे केलं ते हट्टानं केलं. स्वतःला विचारलं, कारखान्यात हे संकट आलं असतं तर काय केलं असतं? आधी मोजलं असतं. मी एक लहानसा आर्द्रता-मापक आणला आणि खोलीत चार ठिकाणी ठेवून बघितलं. स्वयंपाकघराची खिडकी: नव्वद. बाथरूमच्या भिंतीला लागून असलेला कोपरा: ब्याण्णव. पलंगाशेजारी: पंच्याऐंशी. सकाळी अकरा ते दुपारी तीन, वारा असताना: सत्तर. मग कळलं की पहाटे गार वाटतं म्हणून मी ज्या खिडक्या उघडत होते, त्याच वेळी सगळ्यात जास्त ओल आत घेत होते. वर त्याच खोलीत ओले कपडे वाळत घालत होते, भाताचं झाकण उघडं टाकत होते. म्हणजे निम्मी वाफ माझीच होती.

खिडक्यांची वेळ बदलली. कपडे गच्चीच्या जिन्यात गेले. तरी सत्तरच्या खाली आकडा येईना, आणि जखम वाळायला पन्नासच्या आसपास हवा हवी होती. खोलीत एक लोखंडी कपाट होतं. त्यातले कपडे काढून मी आत बल्ब लावायचं ठरवलं. कपाट आतून कोमट राहिलं की हवा कोरडी होते. पण दुकानात सगळे एलईडी. दुकानदार म्हणाला, "मॅडम, ये अच्छा है, गरम नहीं होता." मी म्हटलं, "मुझे वो चाहिए जो गरम होता है." त्यानं माझ्याकडं असं बघितलं की बस. शेवटी आमच्या शिरूरकडची पोल्ट्री आठवली. पिल्लांना ऊब देतात ते जुने बल्ब. कोंबडीखाद्याच्या दुकानात ते मिळाले. कपाटात बल्ब, पार्सलांतून येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या एका वाडग्यात, आणि एक छोटा पंखा. पुड्या ओल शोषून भरल्या की मी आतले दाणे तव्यावर मंद आचेवर भाजून घ्यायचे. संध्याकाळपर्यंत कपाटातला आकडा बावन्नवर आला. ऑफिसात इतकी वर्षं कामं केली, पण त्या बावन्नचा जेवढा आनंद झाला तेवढा कशाचा झाला नाही.

आणि मग मी आबांना फोन केला. व्हिडिओवर. खोटं पोटात ठेवून ते झाड वाचवायचं मला जमेना.

"आबा, मी तुम्हाला खोटं सांगितलं. हे बघा काय झालंय." मी तो तुकडा कॅमेऱ्यासमोर धरला. "आणि तुमचं गेलं, तेही मला माहीत आहे."

आबांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, "मला वाटलंच व्हतं. तू न इचारता सांगाय लागलीस तवाच समजलो. म्हणून पुन्यांदा इचारलं न्हाई. इचारलं असतं तर तुला परत खोटं बोलावं लागलं असतं."

त्यांनीच पुढं विचारलं, "कापल्यालं कसं ठिवलंस?"

"ताटलीत. कपाटात. बल्ब लावलाय."

"ताटलीत नगं. बूड वर करून टांग."

"उलटं?"

"मग? आपल्या बांधावरनं उपटून फेकल्यालं घायपात बघितलंस न्हाई का? मुळ्या वर करून वरीसभर पडतंय आन् तरी जित्तं ऱ्हातंय. त्याला मातीची घाई नसती. आपल्याला असती."

मी सुतळी बांधली आणि तो तुकडा कपाटात हँगरच्या दांडीला उलटा टांगला. जखमेला लावायला राख हवी होती. ती माझ्याकडं नव्हती. चेचींच्या मागच्या अंगणात नारळाच्या सोडणांची चूल होती. तीन आठवडे आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो. मी वाटी घेऊन खाली गेले. त्यांनी काही न विचारता राख चाळून दिली. मी म्हणाले, "सॉरी, चेची. ते झाड माझ्या वडिलांचं आहे. त्याला कोरडी हवा लागते, हे मलाच माहीत नव्हतं, तर तुम्हाला कुठून असणार?"

चेचींचे डोळे भरले. त्या माझ्याबरोबर वर आल्या आणि कपाट उघडून बघितलं. आत पिवळा उजेड, भिरभिरणारा पंखा, सुतळीला उलटं टांगलेलं झाड. त्यांना हसू आवरेना. "मोळे, माय सारीज आर ऑल्सो गेटिंग फंगस," त्या म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या कपाटातही बल्ब लावून दिला.

अकराव्या दिवशी जखमेवर कोरडी, टणक खपली धरली. तरी मी थांबले. तीन आठवड्यांनी ते उतरवलं. विटांचा चुरा, लाल दगडाची बारीक खडी, कोळसा आणि मूठभर माती असं करून मातीच्या कुंडीत बसवलं. खाली बशी ठेवली नाही. टेबलावर वरून दिवा लावला, कारण पिवळ्या काठाला उजेड लागतो. पंखा मंद सोडला, आणि पावसाळाही सरून हवा कोरडी होत चालली होती, म्हणून आकडा साठच्या वर जाऊ द्यायचा नाही असं ठरवलं. रोज दोनदा वहीत लिहायचे. कारखान्यात लिहिते तसंच, तारीख, वेळ, आकडा, सही. सहीची गरज नव्हती, सवयीनं करायचे.

दोन महिने काहीच झालं नाही. चारपैकी एक पान सुकून गेलं. आई फोनवर म्हणायची, "अगं टाकून दे आता, बाजारात मिळंल की दुसरं." मी म्हणायचे, "बघू." एका रविवारी कुंडी हलवायला धरली, तर झाड हललं नाही. मुळं धरली होती. मी जागेवरच टाळी वाजवली.

पुढची धाकधूक वेगळी होती. असं झाड सावरताना कधी कधी काठ विसरतं आणि साधं हिरवं होतं. नवं पान सुरळीसारखं वर येत होतं, आत काय आहे दिसत नव्हतं. मी आबांना रोज फोटो पाठवायचे. ते रोज एकच उत्तर द्यायचे, "दम धर." मार्चमध्ये ती सुरळी उलगडली. एका बाजूला लख्ख पिवळा काठ, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. पूर्ण हिरवी. मी जरा नाराज होऊनच फोटो पाठवला.

आबांचा लगेच फोन आला. "एक बाजू आली की! आन् काय पायजे तुला?"

त्याला आता तीन वर्षं झाली. नंतरच्या पानांना दोन्ही काठ आले, तरी ते एक पान तसंच अर्धं राहिलं. गेल्या वर्षी बुडाशी एक पिल्लू फुटलं. या मे महिन्यात ते मी गावी घेऊन गेले. आबांनी या वेळी गोठा, रस्ता, खडी असला धोका पत्करला नाही. न्हाणीपासून लांब, दगडी चौथरा रचून त्याच्यावर लावलं. दादानं भोवती जाळी ठोकली. आबा म्हणाले, "मोठं पन आण की पुढच्या येळंला. हितं त्याला बल्ब नगं, पंखा नगं. हितली हवा त्याचीच हाय."

मी म्हणाले, "नाही आबा. ते तिथलं झालं आता. तिथंच राहू दे."

त्यांनी मान हलवली. रागावले नव्हते.

माझ्यासारख्या, आपल्या गावची हवा सोडून दुसऱ्या हवेत गेलेल्यांना, आणि आमची वाट बघणाऱ्या तुम्हा गावाकडच्यांना मला एवढंच सांगायचंय. परकी हवा आपोआप आपली होत नाही. मला ती मोजावी लागली, तिच्याशी भांडावं लागलं, तिची वेळ ओळखावी लागली, आणि ज्यांच्यावर ओरडले त्यांच्याकडंच राख मागायला जावं लागलं. पाच वर्षांनी माझ्या खोलीत कागद कोरडे आहेत, पापड कुरकुरीत आहे. चेची गुडघ्याला तेल लावायला मला हाक मारतात. गावची ओढ कमी झालेली नाही. पण 'आता परत जावं' असं मनात येत नाही.

मे महिन्यात सुट्टी संपवून कोचीला परतले, खिडकी उघडली, कुंडीजवळचा आकडा बघितला आणि घरच्या ग्रुपवर नेहमीसारखं लिहिलं, 'घरी पोचले.' मिनिटभरात आईचा फोन.

"वैशे, कंच्या घरी पोचलीस म्हणतीस?"

मला एकदम कळलं की मी काय लिहिलंय. सारवासारव करणार होते. केली नाही. म्हटलं, "माझ्या, आई."

आई म्हणाली, "बरं. मग दिवाळी झाली की मी आन् तुजं आबा येतो. बघू तरी कसं हाय तुजं घर."